समोरचा फोनमध्ये गेला की बोलणाऱ्याचं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. ती काही सांगायला लागली की तिची सगळ्यात जवळची मैत्रीण फोन उचलते, अंगठा चालू ठेवते आणि मधूनच म्हणते, ‘हं, बोल ना, ऐकतेय मी.’ हल्ली आपणच तिला काही सांगायचं कमी केलंय, हे विचारणारीच्या लक्षात आलंय. तिला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. आपण उगाच मनाला लावून घेतोय का? आणि मैत्री न बिघडवता हे तिला सांगायचं कसं?

मी कॉलेजच्या विद्यार्थ्यांचं समुपदेशन करते आणि या स्वरूपाची तक्रार माझ्याकडे सतत येते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकते: नाही, तू उगाच मनाला लावून घेत नाहीयेस. पण तुझ्या पत्रातलं जे वाक्य तू जाता जाता लिहिलंस, तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तू सांगणं कमी केलं आहेस. बहुतेक जण माझ्याकडे येऊन फोनचा हिशेब मांडतात. ती किती वेळ रील बघते, तो किती वेळा फोन तपासतो. मी त्यांना विचारते, तुम्ही सांगायचं काय काय थांबवलंत? त्यावर थोडा वेळ शांतता पसरते आणि मग खरं बोलणं सुरू होतं. नात्याचं नुकसान फोनमध्ये गेलेल्या मिनिटांत मोजता येत नाही. ते न सांगितल्या गेलेल्या गोष्टींत साठत जातं.

हे कसं घडतं ते नीट समजून घे, म्हणजे ‘मी फार हळवी आहे’ ही शंका जाईल. संभाषणात एक जण बोलतो आणि दुसरा फक्त ऐकतो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गोष्ट दोघं मिळून सांगत असतात. जॅनेट बावेलस या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये कॅनडातला एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना, आपण थोडक्यात बचावलो असा एखादा प्रसंग अनोळखी माणसाला सांगायला लावलं. ऐकणाऱ्यांपैकी काहींना गुपचूप एक काम दिलं होतं: बोलणाऱ्याच्या तोंडून इंग्रजी ‘टी’ अक्षराने सुरू होणारा शब्द आला की बटण दाबायचं. म्हणजे त्यांचे कान शब्दांवर अगदी घट्ट होते, फक्त अर्थावर नव्हते. परिणाम काय झाला? सांगणारे गोष्ट वाईट सांगू लागले, आणि नेमकी शेवटी, जिथे ती रंगायला हवी तिथे, गडबडले. कुणी शेवट तुटकपणे उरकला, कुणी तोच शेवट पुन्हा पुन्हा सांगितला, कुणी ‘म्हणजे बघा, ते किती धोक्याचं होतं’ असं समजावत बसले.

त्याच संशोधनात ऐकणाऱ्याच्या प्रतिसादाचे दोन प्रकार वेगळे केले होते. एक सर्वसाधारण: मान हलवणं, हुंकार देणं. दुसरा नेमका त्या प्रसंगाला धरून आलेला: भीतीच्या जागी चेहरा आक्रसणं, ‘अगं बाई, मग?’ म्हणणं, सांगणाऱ्याच्या तोंडचा शब्द आधीच पुरवणं. लक्ष दुसरीकडे असलेल्या श्रोत्यांचा हा दुसरा प्रकार जवळजवळ नाहीसा झाला होता. तुझी मैत्रीण ‘हं’ म्हणते ना, ते पहिल्या प्रकारातलं. ती खोटं बोलत नाहीये, तिला तुझे शब्द ऐकू येतच असणार. शेवटचं वाक्य म्हणून दाखव म्हटलंस तर म्हणूनही दाखवेल. पण तुझी गोष्ट पुढे नेणारा तिचा चेहरा मात्र फोनकडे असतो.

आणि हे सगळं फार थोड्या वेळात घडतं. वेगवेगळ्या कुळांतल्या 10 भाषांचा अभ्यास करून 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असतं. या तालाची आपल्याला लहानपणापासून सवय असते. समोरची व्यक्ती एक सेकंद उशिरा हसली तरी आपल्याला ते जाणवतं. का जाणवलं ते सांगता येत नाही, आणि मग आपण स्वतःवरच शंका घेतो की आपण कंटाळवाणं बोलतोय की काय. कितीतरी हुशार, गप्पिष्ट मुलं-मुली ‘मला गप्पा मारता येत नाहीत’ असं सांगत माझ्यापर्यंत आली आहेत. पुढे चौकशी केली की कळतं, गेलं वर्षभर त्यांच्या गप्पा अर्धं लक्ष देणाऱ्यांशीच झालेल्या असतात.

अजून एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. मोनिषा पशुपती या मानसशास्त्रज्ञांच्या 1998 च्या अभ्यासात दिसलं की लक्ष नसलेल्या श्रोत्याला गोष्ट सांगणाऱ्यांना स्वतःलाच ती नंतर कमी आठवली. म्हणजे ऐकणाऱ्याचं दुर्लक्ष बोलणाऱ्याच्या स्मरणातही पोहोचतं. तुझ्या वयात हे मला फार गंभीर वाटतं. अठरा ते बावीस या वर्षांत माणूस स्वतःला घडवतो ते मुख्यतः दुसऱ्याला सांगूनच: आज वर्गात काय झालं, मी त्याला काय म्हणाले, मला नक्की कशाची भीती वाटली. ऐकणारं कुणी असलं की त्या दिवसाला आकार येतो.

एक प्रसंग सांगते, ओळख पटणार नाही अशा बेताने. दोन मित्र भांडण मिटवायला माझ्याकडे आले होते. त्यातला एक जण विषय राहिल्याचं घरी कसं सांगितलं, ते बोलत होता. ‘बाबा काही बोललेच नाहीत. नुसते उठले, आणि...’ इथे दुसऱ्याच्या मांडीवरचा फोन थरथरला. त्याने उचलला नाही, फक्त नजर खाली गेली आणि लगेच वर आली. बोलणाऱ्याने वाक्य पूर्ण केलं: ‘...आणि मग काय, ठीक झालं सगळं.’ बाबा उठून काय करायला गेले, ते वाक्यातून गळून गेलं. मी दुसऱ्याला विचारलं, आत्ता काय राहिलं? त्याला कळेना, कारण त्याच्या दृष्टीने काहीच घडलं नव्हतं. त्याने फोन घेतलाही नव्हता! पहिल्याला मात्र कळलं होतं, आणि त्याचं असं म्हणणं होतं की गेले कित्येक महिने तो याच्यासमोर प्रत्येक गोष्ट अशीच आखूड करून सांगतोय.

तो दुसरा मुलगा बेपर्वा नव्हता. नुसतं नोटिफिकेशन आलं, फोन हातात घेतला नाही, तरी हातातल्या कामातल्या चुका वाढतात, हे फ्लोरिडामधल्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं आहे. कोण असेल, काय असेल, या विचारात मन जातंच. ते कुणाच्या स्वभावावर अवलंबून नाही.

आता हे तुला का लागतं, त्याचं कारण. किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाने माणसाला वगळण्याचा पुष्कळ अभ्यास केला आहे. त्यांच्या मांडणीनुसार, कुणी आपल्याला वगळलं की चार गरजांना धक्का बसतो: आपण कुणाचे तरी आहोत ही भावना, स्वतःबद्दलचा मान, परिस्थितीवर थोडा ताबा, आणि आपल्या असण्याला अर्थ आहे ही जाणीव. ब्रिटनमधल्या केंट विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 2018 मध्ये तीन मिनिटांची एक अॅनिमेशन फिल्म वापरली. स्वतःला त्यातल्या एका पात्राच्या जागी कल्पून बघायचं होतं. समोरचं पात्र कधी फोनकडे अजिबात बघत नाही, कधी थोडा वेळ, कधी बराच वेळ. फोन जितका जास्त, तितका या गरजांना धक्का जास्त आणि संवादही तितका कमअस्सल वाटला. नुसती चित्रं बघून! तू तर खऱ्या मैत्रिणीसमोर बसलेली असतेस.

एका बाबतीत मात्र मला तुला सावध करायचं आहे. ‘फोन टेबलावर नुसता ठेवला तरी नातं बिघडतं’ हे वाक्य तू कुठेतरी वाचलं असशील. त्याचा उगम 2012-13 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात आहे. त्यात फोन समोर असताना, विशेषतः मनातलं बोलताना, जवळीक कमी वाटल्याचं आढळलं होतं. पुढे 2018 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा नुसत्या फोनच्या असण्याचा तसा परिणाम दिसला नाही. त्याच वर्षी व्हँकुव्हरमध्ये 300 हून अधिक लोकांना मित्रांबरोबर किंवा घरच्यांबरोबर जेवायला बसवून एक अभ्यास झाला. फोन टेबलावर असलेल्यांचं लक्ष जास्त विचलित झालं, जेवणाची मजा कमी आली, पण हा फरक मोठा नव्हता. म्हणून टेबलावरच्या फोनवरून कुणाशी भांडू नकोस. माझ्या अनुभवातही फोन असण्यापेक्षा तो कधी उचलला जातो हे जास्त लागतं. मैत्रिणीचा फोन वाजला आणि तिने पाहिलं, तर माणूस समजून घेतो. काहीही न वाजता, आपलं वाक्य अर्ध्यावर असताना तिने हात पुढे केला, तर ते फार खोल जातं, कारण मग तो निर्णय तिचा असतो.

तुझ्या मैत्रिणीला हे का दिसत नाही? कारण स्वतःचा फोन प्रत्येकाला आतून दिसतो. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हेच आढळलं: आपण फोन पाहतो तेव्हा त्यामागे आपल्याला चांगलं कारण दिसतं आणि त्याने संभाषणाचं फारसं बिघडलं नाही असं वाटतं; समोरच्याने तेच केलं की आपण त्याच्या हेतूबद्दल तितके उदार राहत नाही. तिला माहीत असतं की ती उद्याच्या प्रॅक्टिकलचा मेसेज बघतेय. तुला दिसतो फक्त तिच्या डोक्याचा भांग. आणि तू तिच्यासमोर फोन घेतेस तेव्हा हेच उलटं होतं, याचाही विचार कर. केंटच्याच संशोधकांनी 2016 मध्ये मांडलं होतं की लोक स्वतः असं करतात आणि त्यांच्याशीही तसं केलं जातं, त्यामुळे हळूहळू सगळ्यांना ते नेहमीचंच वाटू लागतं. तिने फोन घेतला म्हणून तूही घेतलास, तू घेतलास म्हणून तिला मोकळीक मिळाली; यात सुरुवात कुणी केली हे शोधण्यात अर्थ उरत नाही.

ग्रुपमध्ये याचं आणखी एक रूप दिसतं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्राध्यापक शेरी टर्कल यांना विद्यार्थ्यांनी आपला एक अलिखित नियम सांगितला होता: जेवायला सहा-सात जण बसलेले असताना निदान तिघांची डोकी वर असतील तरच आपण फोनमध्ये डोकं घालायचं. वरवर पाहता हा शिष्टाचार चांगलाच आहे, कुणी एकटं पडत नाही. पण मग बोलणं कसलं होतं बघ. कुणीही कधीही उठून गेलं आणि परत आलं तरी अडणार नाही, असेच विषय चालतात. चेष्टामस्करी चालते, कुणाचं काय चाललंय याच्या बातम्या चालतात. ‘मला हा कोर्स सोडायचा आहे’ हे वाक्य त्या टेबलावर कुणी उच्चारणार नाही, कारण ते ऐकायला सगळे एकाच वेळी हजर लागतात. हॉस्टेलवर चोवीस तास माणसांत राहूनही एकटं वाटणारी मुलं मी पाहते, त्यांच्या एकटेपणाचं एक कारण इथे आहे. माणसं आहेत, गप्पाही भरपूर आहेत, पण जड काही ठेवता येईल अशी जागा त्या गप्पांत नाही.

प्रेमात असलेल्यांचं वेगळं असतं, म्हणून थोडक्यात सांगते. बेलर विद्यापीठाच्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या पाहणीत 46 टक्के लोकांनी जोडीदार आपल्याला सोडून फोनमध्ये जातो असं सांगितलं आणि जवळपास 23 टक्के म्हणाले की यावरून भांडणं होतात. विद्यार्थी जोडप्यांत त्यात आणखी एक प्रश्न मिसळतो: कुणाशी बोलतोयस? ‘माझ्याकडे लक्ष दे’ आणि ‘मला तुझ्यावर विश्वास वाटत नाहीये’ ही दोन दुखणी वेगवेगळी आहेत आणि त्यांवरचे इलाजही वेगळे आहेत. फोन हिसकावणं किंवा पासवर्ड मागणं हा यातल्या कुठल्याच दुखण्यावर इलाज नाही.

घरच्यांचंही असंच. सुट्टीत घरी आलेल्या मुलाला आई-वडील म्हणतात, सारखा फोन काय बघतोस. आणि तो बोलायला आला की त्यांच्या हातात फोन असतो. दोघांचीही तक्रार खरी असते.

सगळा फोन वाईट असंही मी मानत नाही. दोघींनी एकाच स्क्रीनवर वाकून फोटो बघणं हे संभाषणच आहे. घरी कुणी आजारी असलं तर फोन हातात राहणारच. आणि काही मुलांना समोरासमोर बोलताना इतकी धडधड होते की फोन हा त्यांचा आडोसा असतो. अवघड क्षण आला की डोळे तिकडे वळतात. अशा मुलाला ‘फोन ठेव’ म्हटलं की तो उठून निघूनच जातो. तुझी मैत्रीण नेमकी कुठल्या क्षणी फोन उचलते ते आठ दिवस फक्त बघ. तू गमतीचं सांगताना तिचं लक्ष असतं आणि तू रडवेली झालीस की अंगठा चालू होतो, असं असेल तर तो कंटाळा नाही. काय बोलावं हे तिला सुचत नसावं. मग तिला एवढंच सांग की तुला उत्तर नकोय, तिने नुसतं बसावं.

आता दुसरा प्रश्न, सांगायचं कसं.

ती फोनमध्ये असताना त्या क्षणी सांगू नकोस. तेव्हा ती पकडली गेलेली असते आणि पकडलं गेलेलं माणूस आधी स्वतःचा बचाव करतं. चारचौघांत तर नाहीच. दोघी चालत असाल अशी वेळ निवड. शेजारी शेजारी चालताना सतत डोळ्यांत बघावं लागत नाही, आणि हातात फोन धरणंही तसं अवघड असतं. ‘तू नेहमी’, ‘तुला तर कधीच’ अशी सुरुवात नको, कारण ती लगेच एक उलट उदाहरण काढेल आणि वाद उदाहरणावर जाईल. तुझ्या पत्रात जे आहे तेच तिला सांग. साधारण असं: ‘परवा मी मुलाखतीचं सांगत होते ना, तेव्हा तू फोन बघायला लागलीस आणि मी मधेच थांबले. हल्ली मी तुला बऱ्याच गोष्टी सांगतच नाहीये. मला ते आवडत नाहीये, कारण मला सांगावंसं वाटतं ते तुलाच.’ इथे थांब. तिला बोलू दे. बहुतेक मैत्रिणींना ‘तू फोन बघतेस’ यापेक्षा ‘मी सांगणं थांबवलंय’ हे जास्त लागतं, आणि बदल घडतो तो त्यातूनच.

तिने विचारलं, मग मी काय करू, तर मागणी लहान ठेव. दिवसभर फोन नको, असं म्हणू नकोस. ते कुणालाच जमत नाही, आणि दोन दिवसांनी तू पहारेकरी होऊन बसशील. मोठं काही सांगायचं असेल तेव्हा तू आधी म्हण, ‘दहा मिनिटं हवीत मला तुझी,’ आणि तेवढा वेळ दोघींचे फोन नजरेआड, आवाज बंद. तिला त्या वेळी जमणार नसेल तर तिने सरळ ‘आत्ता नाही, जेवणानंतर’ म्हणावं. अर्ध्या लक्षापेक्षा हा स्पष्ट नकार मैत्रीला कितीतरी कमी जाचतो. मधेच खरंच फोन बघावा लागला तर बघण्याआधी कारण सांगायचं आणि परत आल्यावर ‘तू बाबा उठले इथपर्यंत आली होतीस’ असं गोष्टीचं टोक आपणच धरून द्यायचं. हे शेवटचं मी सगळ्यांना शिकवते. टोक धरून दिलं की सांगणाऱ्याला कळतं, आपली जागा राखून ठेवली होती. सगळ्यांनी फोन एकावर एक रचायचे आणि आधी उचलेल त्याला दंड, असले खेळ मला फारसे पटत नाहीत. त्यात सगळ्यांचं लक्ष त्या ढिगाऱ्याकडेच राहतं.

दोन-तीन आठवडे वाट बघ. ती विसरेल, आठवण करून द्यावी लागेल; तो विश्वासघात समजू नकोस. मनापासून ठरवूनही तिला फोन खाली ठेवता येत नसेल, रात्रीची झोप जात असेल, अभ्यास सुटत असेल, तर विषय तुमच्या मैत्रीपुरता राहिलेला नाही. तिच्याबरोबर कॉलेजच्या समुपदेशकाकडे जा, तक्रार म्हणून नको, सोबत म्हणून जा. आणि सगळं सांगून झाल्यावर तिला त्याचं काहीच वाटलं नाही, तर तेही तुला कळलेलं बरं. अशा वेळी ती मैत्री तोडायलाच हवी असं नाही. सिनेमाला, अभ्यासाला, हसायला ती असू दे. मनातलं सांगण्यासाठी मात्र दुसरं माणूस बघ, आणि ते शोधताना कोण हुशार बोलतं यापेक्षा तुझं बोलणं मधेच तुटलं तर ‘मग पुढे काय झालं?’ असं कोण विचारतं, ते बघ.

एक काम आजच कर. गेल्या काही महिन्यांत तू तिला जे सांगितलं नाहीस त्यातल्या दोन-तीन गोष्टी कागदावर लिहून काढ. त्यातली सगळ्यात लहान, सगळ्यात कमी दुखणारी गोष्ट तिला पहिल्यांदा सांग.